उंदीर जिवंत की गोठवलेला?



मी पशुवैद्य आहे, हैदराबादला प्रॅक्टिस करते. आईचं माहेर परभणी, माझं सगळं शिक्षण इकडचं. त्यामुळे बोलता बोलता एखादा शब्द इकडचा-तिकडचा झाला तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे कुत्री-मांजरी येतातच, पण गेल्या काही वर्षांत ससे, इग्वाना, परदेशी पक्षी आणि साप पाळणारेही येऊ लागलेत. सापांमध्ये बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक जास्त. या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, उंदीर जिवंत द्यायचा की गोठवलेला?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. गोठवलेला, नीट वितळवलेला आणि नीट गरम केलेला. हे उत्तर पुस्तकांत होतंच, मी ते वाचलेलंही होतं. पण खरं पटलं ते माझ्या हातून एक चूक झाल्यावर. आज त्या चुकीपासूनच सुरुवात करते.

प्रॅक्टिस सुरू करून मला दोनच वर्षं झाली होती. एका संध्याकाळी एका मुलाचा फोन आला. मूळचा लातूरचा, इथे नोकरीला. त्याच्याकडे एक बॉल पायथन होता, सव्वा किलोचा. हा साप घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करतो, म्हणून त्याचं इंग्रजी नाव तसं पडलं. या मुलानं त्याचं नाव ठेवलं होतं लाडू.

"मॅडम, लाडू तीन आठवडे जेवला नाही. आज मोठा पांढरा उंदीर आणलाय. समोर सोडला तर ढुंकूनही बघत नाही. काय करू?"

दवाखान्यात गर्दी होती. मी म्हणाले, "रात्री हे साप जास्त हालचाल करतात. राहू दे उंदीर आतच. भूक लागली की खाईल."

मी एवढंच बोलले आणि फोन ठेवला.

सकाळी आठला तो दवाखान्याच्या दारात उभा होता. हातात दोन डबे, एकात लाडू आणि दुसऱ्यात उंदीर. लाडूच्या पाठीवर तीन ठिकाणी कातडी नव्हती. एका जागी स्नायू खाल्ला गेला होता आणि आत मणक्याचं टोक दिसत होतं. साप जिवंत होता. गोळा होऊन पडला होता, जसा घाबरल्यावर पडतो तसाच. रात्रभर त्यानं तेवढंच केलं असणार.

मी त्याचे डोळे पाहिले. दुधाळ निळसर झाले होते. म्हणजे साप कात टाकायला आला होता. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही, तो बुजरा होतो आणि बहुतेक वेळा खात नाही. फोनवर मी एकच प्रश्न विचारला असता, "डोळे कसे दिसतात?", तर उंदीर काढून घे असं सांगितलं असतं. मी तो विचारला नाही.

लाडूला भूल देऊन जखमा साफ करायला घेतल्या. मुलगा कोपऱ्यात बसला होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मॅडम, याचं काय करू?" दुसरा डबा त्याच्या मांडीवर होता. मी मदतनिसाला म्हणाले, आधी त्याला पाणी दे. बशीत पाणी ठेवलं. तो उंदीर किती तरी वेळ मान वर न करता पाणी पीत राहिला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काचेच्या पेटीत त्याच्यासाठी दाणा नव्हता. सापाची पाण्याची वाटी होती, पण ती सापाच्या अंगाखाली अडकलेली. बारा तास तो उंदीर उपाशी, तहानलेला, आपल्याला खाणाऱ्या प्राण्याशेजारी कोंडलेला होता. त्यानं समोर जे होतं ते कुरतडलं. सापाचा दोष नव्हता, उंदराचाही नव्हता. दोघांना एका पेटीत घालून झाकण लावणारा वेगळाच होता, आणि ते झाकण लावायला सांगणारी मी होते.

आता वळू या वादाकडे. जिवंत भक्ष्य द्यावं असं म्हणणारे लोक क्रूर असतात असं मी म्हणणार नाही. त्यांची कारणं असतात. सगळ्यात मोठं कारण म्हणजे, "निसर्गात साप जिवंतच खातात ना?"

खातात. पण निसर्गात काय घडतं ते पूर्ण बघा. साप दबा धरून बसतो, उंदीर जवळून जातो, साप झडप घालतो. झडप चुकली तर उंदीर पळतो. सापाला भूक नसेल तर तो बिळात निघून जातो. दोघांनाही वाट मोकळी असते. तीन फुटांच्या पेटीत ती वाट कुठे आहे? तिथे उंदराला पळता येत नाही आणि सापालाही पळता येत नाही. त्याला निसर्ग म्हणायचं असेल तर अर्धाच निसर्ग म्हणावा लागेल.

दुसरी गोष्ट, साप मेलेलं खात नाहीत हा समज चुकीचा आहे. अनेक जातींचे साप मेलेले प्राणी खाताना दिसले आहेत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ सीहॉर्स की नावाचं बेट आहे. तिथले कॉटनमाउथ हे विषारी साप पाणपक्ष्यांच्या घरट्यांखाली थांबायचे आणि पक्ष्यांच्या चोचीतून पडलेले मासे खायचे. शास्त्रज्ञांनी त्यांचा बराच अभ्यास केला आहे. सापाला वास आणि ऊब महत्त्वाची. बॉल पायथनच्या ओठांवर खाचा असतात, त्यांतून त्याला समोरच्या वस्तूची उष्णता कळते. चिमट्यात धरलेला उंदीर गरम असेल, वास बरोबर असेल आणि थोडा हलत असेल, तर त्याच्या दृष्टीनं ते जेवणच आहे.

तिसरं कारण सांगतात व्यायामाचं. साप शिकार करायला हवा, नाहीतर सुस्त होतो. सापाला हालचाल हवी हे मान्य. मग मोठी पेटी द्या, चढायला फांदी द्या, लपायला दोन जागा द्या, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. चिमट्यानं उंदीर हलवत न्या, साप त्याच्यामागे येईल. पकडल्यावर त्याला विळखा घालू द्या, थोडं ओढून धरा. एवढ्यासाठी जिवंत जीव पणाला लावायची गरज नाही.

चौथं कारण ताजेपणाचं. हवाबंद पिशवीत गोठवलेला अख्खा उंदीर सहा महिन्यांच्या आत वापरला तर पोषणात फार फरक पडत नाही. उलट बरेचसे परजीवी गोठवण्यात मरतात. घरातला किंवा गोदामातला उंदीर पकडून सापाला देणारेही मला भेटलेत. ते मात्र कधीच करू नका. त्या उंदरानं विषारी औषध खाल्लं असेल तर ते सापाच्या पोटात जाईल, आणि पकडताना तुम्हालाही लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

आता प्रत्यक्ष पद्धत सांगते. हा भाग लिहून घेतला तरी चालेल.

उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जास्त नको. वाढत्या पिलाला साधारण आठवड्याला एकदा, मोठ्या बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरतं. लोक प्रेमानं जास्त भरवतात. लठ्ठ साप हाही आजारीच साप असतो.

आदल्या रात्री उंदीर पिशवीसकट फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये, ओट्यावर नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिसावर जातो; ओट्यावरचा उंदीर बाहेरून नासायला लागतो आणि आतून बर्फच असतो. दुसऱ्या दिवशी पिशवी चांगल्या कोमट पाण्यात, साधारण ४० अंशांच्या, वीसेक मिनिटं ठेवा. मग पोट बोटांनी दाबून बघा. आत कडक लागलं तर अजून थांबा. आत थंड राहिलेला उंदीर गिळला तर साप तो ओकून टाकू शकतो, आणि ओकणं सापाला फार महागात पडतं. तसं झालं तर किमान दहा-बारा दिवस काही देऊ नका. पुन्हा झालं तर डॉक्टर गाठा.

मायक्रोवेव्ह वापरू नका. एक भाग शिजतो, एक गार राहतो आणि पोट फुटतं. फुटलं की घरातल्यांचं मतही फुटतं. एकदा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवू नका.

उंदीर लांब चिमट्यानं द्या, हातानं नाही. तुमच्या हातालाही ऊब असते, सापाला फरक कळेलच असं नाही. जेवल्यावर दोन दिवस सापाला हात लावू नका. पेटीची उबदार बाजू ३१ ते ३३ अंश असू द्या. ऊब नसेल तर त्याला पचत नाही.

आपल्याकडची एक अडचण म्हणजे वीज. गावाला गेलात, मागे वीज गेली, फ्रीजरमधलं सगळं वितळलं, वीज आली आणि पुन्हा गोठलं. परत आल्यावर तुम्हाला कळणारही नाही. उपाय सोपा आहे. एका वाटीत पाणी गोठवा आणि वर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं तर आतला माल टाकून द्या.

आणि स्वच्छता. साल्मोनेला हा जंतू गोठवून मरत नाही. २०१० साली अमेरिकेत गोठवलेल्या उंदरांमधून माणसांना साल्मोनेलाची लागण झाली होती आणि तो माल परत मागवावा लागला होता. तेव्हा उंदरांसाठी वेगळा घट्ट झाकणाचा डबा, वितळवायला वेगळं भांडं, आणि नंतर साबणानं हात धुणं. भांडं स्वयंपाकघराच्या मोरीत धुवू नका. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर साप पाळायचा विचार पुढे ढकला.

आता खरा कठीण प्रश्न. "मॅडम, माझा साप गोठवलेला खातच नाही."

घाबरू नका, घाई करू नका. निरोगी, मोठा बॉल पायथन कित्येक आठवडे, कधी कधी काही महिनेही न खाता राहतो. दर आठवड्याला वजन करा आणि वहीत लिहा. वजन टिकून असेल तर साप उपाशी नाही, तुम्ही अस्वस्थ आहात. दहा टक्क्यांनी घटलं तर दाखवायला आणा.

आधी कारण शोधा. डोळे दुधाळ आहेत का? पेटी गार पडली आहे का? लपायला जागा आहे का? तुम्ही रोज बाहेर काढून मित्रांना दाखवताय का? हे सगळं ठीक असेल तर उंदराचं डोकं बाकीच्या अंगापेक्षा थोडं जास्त गरम करा. जिवंत उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा मिळाला तर त्यात उंदीर घोळवा, वास लागतो. संध्याकाळी दिवे मंद करून द्या. तरी नाही घेतला तर लपायच्या जागेच्या तोंडाशी रात्रभर ठेवा आणि सकाळी टाकून द्या. मेलेला उंदीर रात्रभर ठेवला तर फार तर वास येतो. जिवंत ठेवला तर काय होतं ते मी सांगितलंच आहे. नाही घेतला तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा. रोज रोज नको.

काही साप, विशेषतः अंड्यातून नुकती निघालेली काही पिल्लं, खरंच अडून बसतात. वजन उतरत चाललं आणि सगळे उपाय थकले तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं जिवंत भक्ष्य द्यावं लागतं. मीही तसं सांगितलेलं आहे. पण तेव्हा अगदी लहान, डोळे न उघडलेलं उंदराचं पिल्लू द्यायचं, जे सापाला इजा करू शकत नाही. समोर बसून राहायचं. पंधरा मिनिटांत साप वळला नाही तर काढून घ्यायचं. फोन आला तरी उठायचं नाही. तो शेवटचा उपाय आहे, तो सवयीचा करू नका.

आता थोडं उंदराबद्दल, कारण या चर्चेत त्याची बाजू कुणी मांडत नाही.

गोठवलेला उंदीर आणला म्हणजे आपले हात स्वच्छ झाले असं नाही. तो जीव मेलाच आहे, फक्त आपल्यासमोर मेला नाही. फरक इतकाच की नीट काम करणाऱ्या ठिकाणी त्याला लवकर, कमीत कमी त्रासात मारलेलं असतं. पेटीच्या कोपऱ्यात रात्रभर थरथरत बसावं लागत नाही. म्हणून विकणाऱ्याला विचारा : कसे ठेवता? कसे मारता? जिवंत उंदीर तसाच फ्रीजरमध्ये टाकणारे लोक असतात. तो मरायला वेळ लागतो आणि ते हाल आहेत. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.

आणि व्हिडिओबद्दल एक शब्द. साप उंदराला धरतोय याचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. मुलं मोबाइल घेऊन, मित्र गोळा करून हे चित्रित करतात. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य बनेल असं कोंडून ठेवणं हा त्याच्या ११व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. सापाचं जेवण ही आपली जबाबदारी आहे. त्याचा खेळ केला की आपण सापासाठी उंदीर आणत नाही, स्वतःसाठी आणतो.

शेवटचा मुद्दा साप घेण्याआधीचा. लोक आधी साप घेतात आणि मग विचारतात, याला दूध चालेल का? अंडं? पनीर? नागपंचमीच्या दुधानं आपल्या डोक्यात फार घोळ करून ठेवला आहे. दूध हे सापाचं अन्न नाही. बॉल पायथन शाकाहारी होत नाही. तो वीस-पंचवीस वर्षं जगतो, आणि तितकी वर्षं तुमच्या फ्रीजरमध्ये उंदीर राहणार. हे घरच्यांना आधी सांगा. कायदाही समजून घ्या : आपल्या देशातले रानातले साप पकडून पाळता येत नाहीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या परदेशी जातींची सरकारकडे 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. दुकानदार म्हणाला "कागदाची गरज नाही", तर तिथूनच परत फिरा.

घरच्यांचं सांगितलं, तर माझ्या घरचंही सांगते. त्या सकाळनंतर लाडू दोन महिने माझ्या दवाखान्यात राहिला आणि त्याचे उंदीर ठेवायला तिथे फ्रीजर नव्हता. मी डबा घरी नेला. आई माझ्याकडेच असते. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद करणारी बाई.

तिनं विचारलं, "काय आहे गं त्यात?"

मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गणपतीचं वाहन आणि माझ्या श्रीखंडाशेजारी?"

मी म्हणाले, "आई, माझ्या चुकीनं त्याची पाठ खाल्ली गेली आहे. तो बरा होईपर्यंत तरी."

तिनं वरचा कप्पा रिकामा करून दिला. डब्यावर स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली : "उघडू नये." पुढच्या महिन्यात आम्ही दवाखान्यासाठी वेगळा छोटा फ्रीजर घेतला.

लाडू वाचला. सात आठवड्यांनी त्यानं चिमट्यातला गरम केलेला उंदीर घेतला; तोपर्यंत मी चार वेळा हात हलवत परत आले होते. आज तो चांगला दोन किलोचा आहे. पाठीवर तीन जागी खवले परत आलेच नाहीत, आणि कात टाकताना ती त्या जागी दरवेळी अडकते. मग तो मुलगा, आता मुलगा कसला, दोन लेकरांचा बाप आहे, त्याला घेऊन येतो. मी ओल्या फडक्यानं ती अडकलेली कात हळूहळू सोडवते. वर्षातून पाच-सहा वेळा माझी चूक अशी माझ्या हाताखाली येते.

तो उंदीरही आमच्याकडेच राहिला, दीड वर्ष. पिंजऱ्यात दाणा असायचा आणि पाण्याची बाटली कायम भरलेली. ती रिकामी होऊ द्यायची नाही, एवढा एकच नियम मी मदतनिसाला घालून दिला होता.

तुमच्या घरी साप असेल तर आज रात्री एवढंच करा : पेटीत जिवंत काही ठेवलेलं असेल तर ते बाहेर काढा आणि मग झोपा.